गोळी कुणाच्या हातात जाते?



मागच्या बैठकीत एकाने मला विचारलं, “अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या खरंच ऑनलाइन मिळतात?” मिळतात. आपल्याकडे किती काडतुसं घ्यायची, हेसुद्धा शस्त्रपरवान्यावर लिहिलेलं असतं. म्हणून ते आपल्याला खरं वाटत नाही.

१९६८च्या केंद्रीय कायद्याने तिथे सामान्य ग्राहकाला परराज्यातून टपालाने काडतुसं मागवता येत नव्हती. १९८६ साली ही बंदी उठली. नंतर इंटरनेट आलं आणि गोळ्यांचे खोके पुस्तकांसारखे घरपोच येऊ लागले.

२० जुलै २०१२ रोजी कोलोराडोतल्या ऑरोरा शहरात एका माणसाने सिनेमागृहात गोळीबार केला. बारा जण मेले. त्याने हजारो गोळ्या ऑनलाइन मागवल्या होत्या. मेलेल्यांत जेसिका घावी ही चोवीस वर्षांची मुलगी होती. तिचे आईवडील, सँडी आणि लॉनी फिलिप्स, गोळ्या विकणाऱ्यांविरुद्ध कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं : एवढा माल पाठवताना समोर कोण आहे, हे विचारायला नको का?

२०१५ मध्ये दावा फेटाळला गेला. शस्त्रविक्रेत्यांना संरक्षण देणारा २००५चा केंद्रीय कायदा आड आला. वर राज्याच्या कायद्यामुळे विक्रेत्यांचा दोन लाख डॉलरांहून जास्त वकिली खर्चही याच आईबापांवर लादला गेला. मुलगी गेली ती गेलीच, वर हे बिल!

काही राज्यांनी मात्र वेगळी वाट धरली. न्यूयॉर्कने २०१३च्या कायद्यात थेट घरपोच विक्री बंद केली. कॅलिफोर्नियात २०१६ साली मतदारांनीच कौल दिला. २०१८पासून तिथे ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या परवानाधारक दुकानातूनच घ्याव्या लागतात. जुलै २०१९पासून प्रत्येक खरेदीआधी पार्श्वभूमीची तपासणीही सुरू झाली.

याला विरोध करणारे सगळे गुंड नाहीत. ऑलिंपिक नेमबाज किम रोड कोर्टात गेल्या. नाव किंवा पत्ता सरकारी नोंदीशी जुळला नाही, म्हणून पात्र माणसंही दुकानातून परत पाठवली गेली, ही तक्रार खरी आहे. मला ती लगेच कळते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’ आहे, आधारवर ‘मोहम्मद’. एवढ्यावरून माझी शिष्यवृत्ती वर्षभर अडकली होती. तुमच्यापैकी किती जणांचं असं झालंय? बघा, किती हात वर आले!

तरीही, नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करा, दुरुस्तीची सोपी सोय ठेवा, असंच मी म्हणेन. तपासणीच नको, असं म्हणणार नाही. माझे हेलपाटे वाचावेत म्हणून दुसऱ्याच्या लेकराचा जीव धोक्यात घालायचा का?

आणि फिलिप्स दांपत्याचं काय झालं? ते गप्प बसले नाहीत. गावोगावी फिरून गोळीबारात आपली माणसं गमावलेल्यांना भेटत राहिले. २०२३ मध्ये कोलोराडोने खर्च लादणारं ते कलम रद्द केलं. नव्या कायद्याला नाव दिलंय जेसिकाचं.

अकरा वर्षं लागली. आपल्यालाही कुठला कायदा बदलायचा असेल, तर आधी तो नीट वाचायला लागू या. आणि आपल्याला ज्याचा त्रास होतो, त्याचा दुसऱ्या कुणाला आधार आहे का, हेही विचारू या.