पडलेल्या माऊलीला आधी हात



दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून चालकांनी आम्हाला दोन शब्द बोलायला उभं केलं. आमचं शिक्षण चौथी. दिवसा बैलामागं आणि रात्री विण्यामागं, असं आयुष्य गेलं. नामाचा महिमा इथं थोर मंडळींनी सांगितला. आम्ही साधी गोष्ट सांगणार. वारीच्या गर्दीत जीव कसा सांभाळायचा आणि कुणाला लागलं तर काय करायचं. कुणी म्हणेल, हा काय कीर्तनकारानं बोलायचा विषय आहे का? आहे, माऊली. का आहे, ते ऐका.

साल १९८३. आम्ही तेव्हा पंचविशीतले, अंगात रग. वाखरीच्या अलीकडं बाजीरावाच्या विहिरीजवळ गोल रिंगण लागलं होतं. माऊलींचा अश्व दौडला, पुढं स्वाराचा अश्व, आणि दौड संपली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. टापेखालची माती कपाळाला लावायला समदी गर्दी एकदम आत तुटून पडती. आम्हीही पळालो. पळताना डाव्या अंगाला कुणीतरी पडल्याचं कळलं. मनात आलं, उचलतील मागचे. मातीची मूठ भरली, मागं वळलो, तर पडलेले आमचेच तात्या. आम्हाला टाळ धरायला शिकवणारे. सत्तरीचा माणूस, अंगावरून पंधरा-वीस जण गेलेले, खुबा मोडलेला. आमच्या मुठीत माती तशीच होती.

पुढची चूक त्याहून मोठी. आम्ही चौघांनी त्यांना हातापायाला धरून मोटेसारखं उचललं. एकानं तेल लावून पाय चोळला, ओढून सरळ केला. ट्रकात घालून पंढरपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोडलं होतंच, पण तुमच्या ओढाताणीनं जास्त सरकलं. पंढरी दोन कोसांवर असताना तात्यांची वारी तिथं संपली, ती कायमचीच.

आता बघा, गर्दी वाईट असती तर आपली वारी इतकी वर्षं चाललीच नसती. पुढं पताका, मग टाळकरी, मधे पखवाज, विणेकरी, मागं तुळस आणि हंडा घेतलेल्या मायमाऊल्या. ही ओळ म्हणजे पूर्वजांनी घातलेला बांध आहे. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला की हजारो टाळ एकदम गप्प होतात. मग हरवल्या-सापडल्याची वर्दी शेवटच्या माणसाला ऐकू जाती. इतकी माणसं एका काठीवर थांबतात. म्हणजे धोका माणसांच्या संख्येत नाही. ओळ मोडून आपण 'मी आधी' म्हणतो, तिथं आहे.

नाशिकच्या कुंभात २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडं जाणाऱ्या अरुंद रस्त्यात ३९ भाविक गेले. वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला अडीचशेच्या वर माणसं गेली. तिथं नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. पुढचे घसरले, आणि मागच्यांना ते दिसलंच नाही. म्हणून उतार, पायऱ्या, पूल, बोळ आणि घाट, ह्या पाच ठिकाणी जास्त जपा. मधे थांबून फोटो नको, पाया पडणं नको. पाया पडायचं तर कडेला होऊन.

रेटारेटीत माणूस तुडवूनच मरतो, असं आपल्याला वाटतं. पण पुष्कळ जण उभ्याउभ्याच जातात. चारी बाजूंनी छाती दाबली जाती आणि श्वास आत घ्यायला जागाच उरत नाही. खांद्याला खांदा भिडून हात वर काढता येईना झाला, की समजा पाणी गळ्याशी आलं. त्याच्या आधीच बाहेर पडा.

अडकलात तर दोन्ही हात छातीपुढं आडवे धरा, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहील. गळ्यातली टाळाची दोरी, पिशवीचा बंद, उपरणं काढून हातात घ्या. ते कुठं अडकलं तर गळा आवळतो. लोंढ्याला उलटा रेटा देऊ नका. नदीच्या धारेतून निघतो तसं लोंढ्याबरोबर चाला, आणि ढिला पडला की तिरपं तिरपं कडेला सरका. भिंत आणि कठडा टाळा. चप्पल पडली, मोबाईल पडला, तर पडू द्या, वाकू नका. आरडाओरडा करून दम घालवू नका. लेकरू खांद्यावर किंवा पोटाशी घ्या. पडलातच आणि उठता येईना, तर कुशीवर होऊन गुडघे पोटाशी घ्या आणि डोकं हातांनी झाका.

मागच्यांचं कामही तितकंच मोठं. पुढं काय झालंय ते मागच्याला दिसत नाही आणि तो रेटतच राहतो. म्हणून दोन्ही हात वर करून 'थांबा, मागं सरका' हा निरोप तोंडोतोंडी मागं पोचवा. त्या वेळी आपण प्रत्येकानं चोपदार व्हायचं.

आता लागलं तर काय? पडलेल्याभोवती कडं करा, पण बाहेर तोंड करून. वारा येऊ द्या. हाड मोडल्यासारखं वाटलं तर चोळू नका, ओढू नका. आहे तसंच ठेवून लाकडी पट्टीचा नाहीतर घडी केलेल्या घोंगडीचा आधार द्या. मान, पाठ किंवा खुबा दुखत असला तर हलवूच नका. १०८ ला फोन करा. अंगावर गर्दी येतच असली तर मात्र जीव आधी. तेव्हा डोकं-मान एका रेषेत धरून सावकाश कडेला घ्या. रक्त आलं तर धुतलेलं फडकं घट्ट दाबून धरा. हळद, चहापूड, माती भरू नका. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल आणि पाठीला मार नसेल, तर त्याला कुशीवर करा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासात जातं. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरानं दाबायचं, मदत येईस्तोवर. हे नुसतं ऐकून यायचं नाही. दर दिंडीतल्या चार पोरांनी निघण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन शिकून घ्यावं.

दिवेघाटात ऊन लागून कुणी बरळायला लागलं, अंग तव्यासारखं तापलं, तर ते थकणं नव्हे, उष्माघात आहे. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि गाडी बोलवा. नुसता शोष पडला आणि माणूस शुद्धीत असला, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. चमचा चहाचा. साखरेचा आजार असलेल्यांनी रोज मुक्कामाला तळपाय बघावेत, कारण त्यांना फोड दुखत नाही. कुणाचाही फोड फोडू नका.

आणि सगळ्यांनी खिशात एक चिठ्ठी ठेवा. नाव, गाव, दिंडीचा नंबर, घरचा फोन, चालू असलेलं औषध. आमच्यासारख्याला लिहिता येत नसलं तर नातवाकडून लिहून घ्या.

तात्या त्यानंतर नऊ वर्षं जगले. दर साली दिंडी निघाली की ते बैलगाडीत बसून वेशीपर्यंत यायचे आणि स्वतःचे टाळ आमच्या हातात द्यायचे. 'आपल्या दोघांचे वाजव,' एवढंच म्हणायचे. आम्हाला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर सोपं गेलं असतं.

तेव्हापासून रिंगणात आम्ही मातीला पळत नाही. कडेला उभं राहून कोण पडतंय ते बघतो. गेल्या साली एक आजी पडल्या. त्यांना उठवलं, कडेला बसवलं, पाणी दिलं. जाताना त्यांनी आमच्याच पायाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. आम्ही त्यांना काय सांगणार होतो?

आमची या शतकाच्या दिंडीला एवढीच विनंती. माती उद्याही मिळंल. पडलेल्या माऊलीला आधी हात द्या.

राम कृष्ण हरी.