नटांना मान नाही, चित्रे मात्र घरोघरी



आज आम्ही तुमच्यापुढे जपानच्या जुन्या नटचित्रांविषयी चार शब्द बोलणार आहोत. आजच्या टोकियोला पूर्वी एदो म्हणत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिथे काबुकी नाटकांचे भारी वेड होते. आवडत्या नटाचे छापील चित्र लोक हौसेने विकत घ्यायचे. किंमत किती? शेवयांच्या एका वाडग्याला पडावी, जवळपास तेवढी! त्यामुळे साध्या माणसालाही ते परवडे.

हे काम एकट्याचे नव्हे. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या लाकडी फळीवर कोरी, छापणारा फळीला रंग लावून वर कागद ठेवी आणि हाताने घोटी. निरनिराळ्या रंगांसाठी निरनिराळ्या फळ्या. शाराकू नावाच्या चित्रकाराने १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिन्यांत सुमारे दीडशे चित्रे केली. काबुकीत बायकांची कामे पुरुषच करीत. शाराकूने त्यांचे पुरुषी चेहरे झाकले नाहीत, जसे होते तसे काढले.

आता मुद्द्याचे सांगतो. ज्यांची चित्रे लोक जपून ठेवत, त्या नटांना समाजात मान नव्हता. योद्धा, शेतकरी, कारागीर, व्यापारी या उतरंडीच्याही ते बाहेर. 'कावारामोनो', म्हणजे नदीकाठचे लोक, असे त्यांना हिणवत. १८४२ साली सरकारने नटांच्या चित्रांवरच बंदी घातली. सातवा दांजुरो हा नामांकित नट. त्याला एदोबाहेर घालवले.

पण लोक कुठे ऐकतात! कुनियोशी या चित्रकाराने १८४८ च्या सुमारास युक्ती केली. पोरांनी भिंतीवर खिळ्याने रेघोट्या ओढाव्यात तसे चेहरे काढले, नाव कुणाचेच घातले नाही. लोकांनी नट बरोबर ओळखले! १८५४ मध्ये आठवा दांजुरो वारला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ शंभराहून अधिक वेगवेगळी चित्रे निघाली. अशा स्मरणचित्रांवर नटाचे मरणोत्तर बौद्ध नावही छापत असत. पुढे १८८७ साली खुद्द सम्राटाने काबुकी पाहिले.

बंधूंनो, हुकूम काढून माणसाला खालची पायरी देता येते. पण लोकांच्या मनातून त्याला काढता येत नाही. तेव्हा मुलांनो, सुंदर चित्र पाहाल तेव्हा रंगांचे कौतुक जरूर करा. आणि त्यातल्या माणसाला जगाने कसे वागवले, हेही विचारा.

एवढे बोलून आम्ही थांबतो. जय भीम!