आरे-वारेचा रस्ता : पावसाळ्यात समुद्र वरूनच बघायचा

मागच्या भागानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. कोंडेश्वर झालं, बारवी झालं, माळशेज दरवर्षीचंच. आता पावसात समुद्र बघायचाय, पण गाडीतून, उंचावरून, एका बाजूला कडा आणि एका बाजूला पाणी असा रस्ता आपल्याकडे आहे का? आहे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा आरे-वारेचा रस्ता. आज तेवढंच बोलू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गणपतीपुळ्याला जायचा नेहमीचा रस्ता म्हणजे हायवेवरच्या निवळी फाट्यावरून, जाकादेवी-चाफे करत. गाडीवाले त्याच रस्त्याने नेतात, कारण त्यांना तो जवळ पडतो. त्या रस्त्यावर समुद्र शेवटपर्यंत दिसत नाही. आपल्याला हवा तो रस्ता रत्नागिरी शहरातून निघतो. शिरगाव, साखरतरचा खाडीपूल, मग आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे आणि गणपतीपुळे. जेमतेम पंचवीस किलोमीटर. एसटीने जाणार असाल तर चढण्याआधी कंडक्टरला विचारा, "आरे-वारे मार्गे आहे ना?" नाहीतर दोन तास जंगल बघून याल. तेही छान असतं म्हणा, पण आपण त्यासाठी आलेलो नाही.

आम्ही पाच जण जुलैमध्ये गेलो होतो. बदलापूरहून लोकलने ठाणे आणि तिथून रात्रीची कोकणकन्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. 2003 साली वैभववाडीजवळ आणि 2004 साली करंजाडीजवळ, दोन्ही वेळा जूनमध्येच, मोठे अपघात झाले. रुळांवर दरड नाहीतर दगड. त्यामुळे गाडी उशिरा पोचली की मी वैतागत नाही. पहाटे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपला की उठायचं, रत्नागिरी आलंच.

आता मुख्य जागा. आरे आणि वारे हे दोन किनारे आहेत आणि मध्ये एक डोंगर समुद्रात घुसलाय. रस्ता त्या डोंगराच्या अंगावरून चढतो. वळण घेतलं की खाली एकदम दोन्ही अंगांना वाळू, सुरूचं बन आणि लाटा. उन्हाळ्यातल्या फोटोत पाणी निळं दिसतं. पावसाळ्यात ते विसरा. किनाऱ्याजवळ पाणी गढूळ तांबूस, कारण नद्या आणि ओढे जांभ्याची माती घेऊन येतात. त्यापलीकडे राखाडी, आणि त्याच्यापलीकडे आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. वर सड्यावर मात्र हिरवं गवत, त्यात बारीक फुलं. हे सडे मे महिन्यात तव्यासारखे काळे तापलेले असतात, ओळखू येत नाहीत. याच रत्नागिरीच्या सड्यांवर उक्षी, जांभरुणसारख्या ठिकाणी कातळशिल्पं आहेत. युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, 2022 पासून.

पण मला सगळ्यात जास्त वेळ कशाने थांबवलं सांगू? लाटांच्या रांगांनी. कड्यावरून बघितलं की तीन-चार पांढऱ्या रांगा एकामागून एक किनाऱ्याकडे येताना दिसतात. आणि मध्येच एक पट्टा असा, जिथं लाट फुटतच नाही. पाणी शांत, जरा गडद, फेस उलटा आत चाललेला. आमच्यातला एक जण म्हणाला, "ती बघ, तिकडे पोहायला मस्त जागा आहे." शेजारी टपरीवर चहा गाळणारे काका मान वर न करता म्हणाले, "तिथंच ओढतं."

झालं असं की लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि जिथं तळ जरा खोल असतो तिथून जोरात आत जातं. त्या खोलगट जागी लाट फुटत नाही, म्हणून ती जागा सुरक्षित वाटते. वाळूवर उभं राहिलं तर हे दिसतच नाही, समोर फक्त फेस असतो. वरून नकाशासारखं दिसतं. जुलै 2025 मध्ये याच आरे-वारेला एका कुटुंबातले चौघे बुडाले. त्यातले काही आपल्याच ठाणे जिल्ह्यातून आलेले. आणि पावसाळ्यात अजून एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. जून-जुलैमध्ये मासेमारी बंदी असते. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. एरवी ओरडलं तर एखादी होडी तरी वळते, तेव्हा समुद्रात माणूसच नसतो.

आमचा तो मित्र तरी म्हणत होता, गुडघ्यापर्यंत जाऊ. दहा मिनिटं वाद झाला, आवाज चढले. शेवटी मी त्याला 27 जुलै 2019 ची आठवण करून दिली. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, हजाराच्या आसपास माणसं बोटींनी काढावी लागली. तो अंबरनाथचा, हे सगळं त्यानेही बघितलेलं. नदी रुळांवर येऊ शकते हे आपल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. तो गप्प झाला. रुसला म्हणा. गणपतीपुळ्यात मोदक खाईपर्यंत बोलला नाही.

वेळ कशी ठरवायची? काकांनीच एक हिशोब सांगितला आणि माझ्यातला इंजिनिअर खूश. तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि ती सगळ्यात मोठी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण कॅलेंडर भिंतीवर असलं की अ‍ॅपची गरज नाही. कड्यावरून लाटा बघायच्या तर मोठ्या भरतीचाच दिवस धरा. रस्ता वर आहे, तुम्ही वरच आहात.

बाईकवाल्यांनी बरंच विचारलंय, त्यांच्यासाठी. बदलापूरहून साधारण तीनशे किलोमीटर आहे. परशुराम घाटात दरड येते, निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते बघा. आरे-वारेच्या वळणांवर जांभ्याची लाल माती डांबरावर वाहून आलेली असते. ती ओली झाली की साबणासारखी, तिथं पुढचा ब्रेक दाबू नका. गाडी वळणावर लावू नका, पुढे जागा आहे. आणि छत्री नको, वारा उलटी करतो. रेनकोट घ्या.

पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, गणपतीपुळ्याहून अगदी जवळ. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस इतका होता की त्यांच्या कौलारू घराच्या पडवीत अर्धा तास नुसते उभे होतो. मित्र तिथं बोलायला लागला.