वर्षाची बेगमी आणि बेताचे उत्पन्न
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बेगमीविषयी बोलण्याचा अधिकार वस्तुतः गृहिणींचा. तथापि मंडळाने ही कामगिरी आमच्यावर सोपविली आहे. शिक्षकाच्या पेशात आम्ही जून महिना फार जवळून पाहिला. वह्यापुस्तकांचा खर्च आणि वाण्याची थकलेली उधारी एकाच वेळी दारात उभी राहते, आणि पुष्कळ घरांत मुलाचे पुस्तकच मागे पडते. आम्हांस या विषयाची आस्था वाटते ती याकरिता.

पुष्कळ मंडळी म्हणतात, "बेगमी पैसेवाल्यांनी करावी, चैत्रात एवढी रक्कम एकदम आणावयाची कोठून?" अडचण खरी आहे. परंतु सर्व जिन्नस चैत्रातच भरावेत असे कोणी सांगितले? भूमाता सारे एकदम पिकवीत नाही. नवा गूळ मार्गशीर्ष-पौषात मुबलक येतो, तूर पौष-माघात, हरभरा फाल्गुनात, गहू व शाळू फाल्गुन-चैत्रात. मिरची व चिंचही त्याच सुमारास. कांदा मात्र उन्हाळीच साठवावा, खरिपाचा टिकत नाही. ज्या महिन्यात ज्या जिन्नसाची आवक, त्या महिन्यात तेवढाच घ्यावा. भाव बहुधा उतरलेला असतो आणि खर्चही पाच-सहा महिन्यांत विभागला जातो.

किती घ्यावे, हे वहीने ठरवावे. महिन्यास 3 किलो तूरडाळ लागत असेल, तर वर्षाची 36 किलो होते. पहिल्या वर्षी आषाढ ते आश्विन या चार महिन्यांची 12 किलो घेतली तरी पुरे. रवा, मैदा, शेंगदाणे यांची मोठी साठवण करू नये. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा घरात महिन्याचे धान्य असणाऱ्यास दुकानापुढे धावण्याची निकड नव्हती. भीतीपोटी गरजेबाहेर पोती भरणे ही मात्र बेगमी नव्हे. त्याने हातावर पोट असलेल्या शेजाऱ्याचा घास महागतो.

आता साठवणीविषयी. विकत घेतलेले निम्मे धान्य किड्यांस वाढणे कोणत्याही संसारास परवडणारे नाही. गहू कडक उन्हात वाळवावा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला म्हणजे वाळला. तो गरम असताना डब्यात भरू नये, आत वाफ धरते. रात्रभर निवू द्यावा. सावलीत वाळविलेला कडुलिंबाचा पाला थराथरांत घालावा, डाळीस एरंडेलाचे बोट फिरवावे. डबे पाटावर, भिंतीपासून चार बोटे दूर असावेत. नवे धान्य जुन्यावर ओतू नये. आधी जुने संपवावे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. गोदामांत धान्यास ठेवतात त्या विषारी गोळ्या कोणी कितीही भरवसा दिला तरी राहत्या घरात आणू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून प्राणघातक वायू सुटतो, आणि निजलेल्या माणसांस त्याची जाणीवही होत नाही.

ज्यांच्याकडे गच्ची नाही, जागा नाही, त्यांच्यासाठी आमची सूचना अशी की, पाच घरांनी मिळून 50 किलोचे एक पोते घ्यावे. पैसे आधी जमवावेत, वाटणी सर्वांसमक्ष तागडीवर करावी, आणि हिशेबाची वही त्यांतील एखाद्या भगिनीकडे द्यावी. वाळवणासाठी मंडळाने आपली गच्ची चैत्र-वैशाखात मोकळी ठेवावी, अशी अध्यक्षमहाराजांस आमची विनंती आहे. आरंभ येत्या माघात तुरीपासून करता येईल. इच्छुकांनी आपली नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत.