उतारावरची बचत



नाहरगडचा डोंगर आपणा जयपूरवासीयांना परका नाही. सवाई जयसिंहाने १७३४ साली तेथे किल्ला बांधला. आज वळणावळणाचा रस्ता वाहनांना थेट त्याच्या दारापर्यंत नेतो. हा रस्ता उतरताना अनेक चालक गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देतात. उतार फुकट नेत असताना इंधन का जाळावे, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब एके काळी काही अंशी खरा होता. आज तो चुकीचा आहे, आणि चुकीची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते.

प्रथम जुन्या इंजिनाचा विचार करू. साध्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येते ते हवेच्या ओढीमुळे. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटलची झडप मिटते. परंतु गाडी गिअरमध्ये असेल तर चाके इंजिनाला फिरवीतच राहतात. सिलिंडर हवा ओढू पाहतात, मिटलेल्या झडपेपलीकडे दाब फार उतरतो, आणि सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल खेचले जाते. पुरेशा हवेअभावी ते नीट जळत नाही व धुराबरोबर वाया जाते. शक्तीची मुळीच गरज नसताना होणारा हा खर्च कार्ब्युरेटरला थांबवता येत नव्हता. न्यूट्रलची सवय जडली ती या काळात.

पुढे इंधन मोजून देण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे आले. जर्मनीतील बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही अशी पद्धत १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीत बसवण्यात आली. भारतात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा २००० सालानंतर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडला. २०२० साली भारत स्टेज सहा हे मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही तो गेला.

या यंत्रणेचा मेंदू म्हणजे इंजिनाचा नियंत्रक. थ्रॉटल किती उघडे आहे, इंजिनाचे फेरे किती आहेत, ते पुरेसे तापले आहे काय, याची वार्ता संवेदक त्याला क्षणोक्षणी देत असतात. थ्रॉटल मिटलेले आहे, इंजिन तापलेले आहे आणि फेरे ठरावीक मर्यादेच्या वर आहेत, असे दिसताच तो इंजेक्टर उघडणे थांबवतो. इंधन शून्यावर येते. सिलिंडरांतून नुसती हवा जाते. इंजिन तरीही फिरत राहते, कारण त्याला चाके फिरवीत असतात. फेरे मंदगतीच्या जवळ उतरले, किंवा चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, की इंधन पुन्हा सुरू होते. हे इतक्या सफाईने घडते की चालकाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही.

न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो. ते बंद पडू नये म्हणून नियंत्रकाला इंधन द्यावेच लागते. लहान मोटारीचे इंजिन नुसते चालू ठेवण्यास ताशी सुमारे अर्धा ते एक लिटर पेट्रोल लागते. म्हणजे सहा मिनिटांच्या उतारावर न्यूट्रलवाला पन्नास ते शंभर मिलिलिटर पेट्रोल जाळतो. गिअरमध्ये उतरणारा जवळजवळ काहीच जाळत नाही.

सौम्य उतारावर गिअरमधील गाडी लवकर मंदावते व पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. तेथे हिशेब वेगळा होऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु जेथे वेग आवरावाच लागतो, त्या घाटात शंकेला जागा नाही.

आणि प्रश्न केवळ पेट्रोलचा नाही. एक हजार किलोग्रॅमची मोटार शंभर मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी विसर्जित व्हावी लागते. एवढ्या ऊर्जेत साधारण तीन लिटर पाणी उकळीस येईल. गिअरमध्ये तिचा मोठा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये जवळजवळ सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापत जातात, तापलेल्या ब्रेकची पकड घटते, आणि नेमक्या तीव्र वळणावर ते दगा देऊ शकतात. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारे साहाय्यही लवकरच संपते.

तेव्हा नियम सोपा आहे. उतार लागण्यापूर्वी योग्य तो खालचा गिअर घालावा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडी गिअरमध्येच उतरू द्यावी. इंधन तोडण्याचे काम नियंत्रक स्वतः करील. काटकसर आणि सुरक्षितता यांपैकी एकीची निवड करण्याचा प्रसंग माणसावर पुष्कळदा येतो. घाटाच्या उतारावर मात्र दोहोंचा मार्ग एकच आहे.