अजब बंगल्यांत आपलें काय आहे?



नागपुरांत सन १८६३ मध्यें पदार्थसंग्रहालय निघालें. लोकांनीं त्याला अजब बंगला हें नांव दिलें. आमचे शेतकरी बांधव तेथें डोकावतात, पेंढा भरलेलीं जनावरें पाहतात, दगडी मूर्तीपुढें हात जोडतात आणि बाहेर पडतात. विचारलें तर म्हणतात, ‘तें शिकलेल्यांचें काम; आम्हांस त्यांतलें काय कळणार!’ आमचें म्हणणें उलट आहे. तुम्हांस कळतें, आणि पुष्कळ शिकलेल्यांहून अधिक कळतें.

भंडारा जिल्ह्यांत पवनीस सन १९६९-७० सालीं जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हां दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे दगडी कठडे निघाले. असल्या कठड्याचें चित्र आम्हीं एका वृद्ध सुतारबाबांना दाखविलें. उभ्या खांबांना भोकें, त्यांत आडव्या पट्ट्यांचीं टोकें बसविलेलीं. म्हातारा म्हणाला, ‘हे तं सुताराचं काम होय जी! दगडाले असा सांधा कोन करते?’ अगोदर लांकडी कठडे होते, पाथरवटांनीं तेच दगडांत उतरविले, हें पंडितांस ग्रंथ चाळून कळलें. म्हाताऱ्यानें नुसतें पाहून सांगितलें.

त्या कठड्यांवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत असें आम्हीं सांगतांच त्यानें दुसरा प्रश्न टाकला: ‘देनाऱ्याचं नाव हाये, मंग घडवनाऱ्याचं कुठं हाये?’

प्रश्न बोंचणारा आहे. बहुतेक ठिकाणीं तें नाहींच. राजाचें नांव राहिलें, घाम गाळणारा पुसला गेला. परंतु कोठें कोठें तें उरलें आहे. पुणें जिल्ह्यांतील कार्ल्याच्या लेण्यांत, दार करणारा धेनुकाकटचा सामी सुतार, असा लेख आहे. तेथल्या छताच्या जुन्या लांकडी कमानी आजही जागेवर आहेत. त्याच लेण्यांतील कांहीं खांब धेनुकाकटच्या यवनांनीं दान दिले. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या दंतकारांनीं लिहून ठेविलें कीं, हें कोरीव काम आमचें. हस्तिदंत कोरणारा हात दगडावर चालला, म्हणूनच तेथली नक्षी इतकी बारीक!

आणि या कारागिरीची धांव किती? इटलींत ज्वालामुखीनें सन ७९ मध्यें गाडलेल्या पाँपेई शहरांत सन १९३८ सालीं हिंदी घडणीची हस्तिदंती बाई सांपडली. तिच्यासारखीच एक बाहुली आपल्या धाराशिव जिल्ह्यांत तेर येथें मिळाली. उलट तिकडचा समुद्रदेव पोसायडन याची ओतीव मूर्ति कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडींत निघाली.

तेव्हां परमुलखाची वस्तु दिसली म्हणून बुजूं नका. देव ओळखीचा नसेल, हत्यार ओळखीचें असतें. कोष्ट्यानें मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्या पाहाव्या, तांबटानें ओतीव कामाचा जोड शोधावा, कुंभारणीनें मडक्याचा कांठ न्याहाळावा. हें कोणत्या हत्यारानें केलें, कोठें चुकलें, चूक कशी झांकली, हें एकमेकांस विचारावें. मूर्तीला शेंदूर मात्र फांसूं नये; त्याखालीं कारागिराची टांकी बुजते.

सुतारबाबांनीं, कार्ल्यास केव्हां नेतां, म्हणून दोनदां विचारलें आहे. पाऊस सरला कीं निघूं. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं शिदोरी बांधून यावें.