नवे केव्हा आणि जुने कोठवर?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका वयोवृद्ध स्नेह्यांनी मला रस्त्यात गाठले व विचारले, "अहो, हे लिनक्स म्हणजे काय प्रकरण आहे? आणि त्याचा आम्हा सामान्य माणसांशी संबंध काय?" मी म्हटले, "आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा म्हणजे लिनक्सच." ते हसले, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. तेव्हा आजचे व्याख्यान मी त्यांच्यासाठीच देणार आहे. इतरांनी ऐकावयास हरकत नाही.

आरंभी एक अनुभव सांगतो. एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काही वर्षे होतो. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवण्यासाठी आम्ही एक संगणक घेतला आणि त्यावर लिनक्स बसविले. कारण ते विनामूल्य मिळते, आणि वाचनालयाची तिजोरी कशी असते ते आपण जाणताच. तो संगणक सात वर्षे बिनतक्रार चालला. आम्हांस त्याचा मोठा अभिमान वाटे. एके दिवशी पुस्तक बदलावयास आलेला एक कॉलेजचा विद्यार्थी पडद्याकडे पाहून म्हणाला, "काका, याची मुदत संपून दोन वर्षे झाली, ठाऊक आहे का?" मी म्हणालो, "मुदत कसली? चालतो आहे की!" त्याचे म्हणणे खरे होते आणि माझेही खोटे नव्हते. ही दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हाच आजचा प्रश्न आहे.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याने तो गाभा लिहावयास घेतला व सर्वांसाठी खुला केला. पण नुसत्या गाभ्यावर कोणाचे काम भागत नाही. त्याच्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्राम लागतात. ते लिहिणारे लोक जगभर विखुरलेले, आणि प्रत्येकाची चाल निराळी. हे सारे एकत्र करून, एकमेकांशी जुळते करून लोकांच्या हाती देणे, याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेले डेबियन हे त्यांतले एक जुने व मान्यवर. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे.

आता, हजारो माणसे रोज बदल करीत असता कोणीतरी एकदा म्हणावे लागते, "थांबा, यापुढे नवे काही आत घ्यावयाचे नाही, आता फक्त दोष काढावयाचे." असे थांबून, दोष काढून जी बाहेर पडते ती आवृत्ती. आणि आवृत्तीबरोबर एक वचन दिलेले असते: अमुक वर्षांपर्यंत यात जे फाटेल ते आम्ही शिवून देऊ. म्हणून प्रत्येक डिस्ट्रिब्यूशनला दोन प्रश्न विचारावे लागतात. नवे केव्हा? आणि जुने कोठवर?

पहिल्या प्रश्नावर दोन पंथ आहेत. डेबियनचा पंथ आंबेवाल्याचा. त्यांची तीन दालने असतात: अस्थिर, चाचणीचे आणि स्थिर. झाडावरून उतरविलेला आंबा पहिल्यात, अढीत घातलेला दुसऱ्यात, पिकून पेटीत भरलेला तिसऱ्यात. पिकला म्हणजे पेटी उघडावयाची. तारीख विचारू नये. याचा अतिरेकही झाला. जुलै २००२ नंतरची आवृत्ती यावयास जून २००५ उजाडला, आणि लोक कंटाळून गेले. पुढे त्यांनी साधारण दोन वर्षांचा ताल धरला.

दुसरा पंथ आगगाडीच्या वेळापत्रकाचा. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनी २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटू काढले ते डेबियनच्याच आधारावर. पण नियम असा की दर सहा महिन्यांनी, एप्रिलात व ऑक्टोबरात, नवी आवृत्ती निघावयाची. जे वेळेवर तयार नसेल ते पुढच्या गाडीने येईल. आवृत्तीचा क्रमांकही साल-महिन्याचाच: पहिली ४.१०. एकदा मात्र गाडी मुद्दाम थांबविली. २००६ च्या एप्रिलातील आवृत्ती जूनमध्ये निघाली व ६.०६ म्हणून ओळखली गेली. कारण दीर्घ मुदतीचे वचन देऊन काढलेली ती पहिलीच होती. तेव्हापासून दर दोन वर्षांनी अशी एक दीर्घायुषी आवृत्ती निघते. तिची देखभाल आज पाच वर्षे होते. मधल्या आवृत्त्यांची अवघी नऊ महिने.

याशिवाय आर्च लिनक्ससारखे तिसरेही आहेत. तेथे आवृत्ती हा प्रकारच नाही. वाहत्या ओढ्याप्रमाणे नवे ते सतत येत राहते.

मग श्रेष्ठ कोण? नव्याची हौस असणाऱ्यांस मी मार्च २०२४ ची हकीकत सांगतो. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले की, आपल्या यंत्रावर दुरून प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागतो आहे. त्यांनी पाठपुरावा केला तेव्हा एक्सझेड नावाच्या साध्या उपयुक्त प्रोग्रामच्या दोन ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. असे करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ इमाने-इतबारे मदत करून मूळ लेखकाचा विश्वास संपादन केला होता. तो माल डेबियनच्या अस्थिर व चाचणीच्या दालनांपर्यंत पोहोचला होता. स्थिर दालनात तो गेलेला नव्हता. अढी लावण्याचा उपयोग तो हा.

पण यावरून "जुने तेच सुरक्षित" असे कोणी समजू नये. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचे खिंडार सापडले. त्या वेळच्या स्थिर डेबियनमध्येही ते होते. ते जाहीर झाले त्याच दिवशी डेबियनने दुरुस्ती दिली, आणि तीही कशी? नवा प्रोग्राम न देता जुन्यालाच नेमके तेवढे ठिगळ लावून. धोतर जुनेच, फाटले तेवढे शिवले. देखभाल म्हणतात ती हीच. जुने सुरक्षित राहते ते जुने असते म्हणून नव्हे, तर सुई घेऊन कोणी बसलेला असतो म्हणून. मुदत संपते म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही. सुईवाला उठून जातो. आमच्या वाचनालयात नेमके हेच घडले होते. संगणक चालत होता आणि शिवणारा दोन वर्षांपूर्वीच निघून गेला होता. सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी सारे त्यात होते, आणि ते इंटरनेटला जोडलेले होते. विद्यार्थ्याने हे समजावून दिले तेव्हा आमचा अभिमान ओसरला.

हे वचन मोडलेही जाते. सेंटओएस हे रेड हॅट कंपनीच्या व्यापारी प्रणालीच्या खुल्या संहितेवरून बनविलेले विनामूल्य डिस्ट्रिब्यूशन अनेक संस्था वापरीत. त्याची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आली, आणि ती मे २०२९ पर्यंत टिकेल अशी लोकांची धारणा होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ती २०२१ च्या अखेरीस संपेल. सातवी आवृत्ती मात्र ठरल्याप्रमाणे जून २०२४ पर्यंत चालली. म्हणजे थोरल्याच्या आधी धाकटे गेले! ज्यांनी भरवशावर नवे घेतले तेच अडचणीत आले. परंतु संहिता खुली असल्यामुळे २०२१ सालीच अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स अशी दोन नवी डिस्ट्रिब्यूशने उभी राहिली. खुलेपणामुळे वचन अभंग राहते असे नव्हे. ते मोडल्यावर दुसऱ्यास ते उचलता येते, एवढेच.

आणि वचन पाळणे फुकट होत नाही. डेबियनची आवृत्ती पहिली तीन वर्षे मूळ मंडळी सांभाळतात; पुढची दोन वर्षे प्रामुख्याने गरजू कंपन्यांच्या पैशातून चालतात. प्रणाली विनामूल्य असली तरी तिच्यामागे कोणाचे तरी श्रम असतात, हे आपण घेणाऱ्यांनी विसरू नये.

तेव्हा माझ्या स्नेह्यांना व आपणां सर्वांना माझी एक विनंती आहे. शाळेसाठी, पतपेढीसाठी वा घरासाठी यंत्र घ्याल तेव्हा "नवे आहे का?" एवढेच विचारू नका. आवृत्ती कोणती, देखभाल कोणत्या तारखेपर्यंत आणि ती करणार कोण, हे तीन प्रश्न विचारा. फोन घेतानाही विचारा. औषधाच्या बाटलीवरची तारीख आपण वाचतोच ना?

आम्ही एका रविवारी वाचनालय बंद ठेवून सर्व नोंदी उतरवून घेतल्या व नवी आवृत्ती बसविली. त्या विद्यार्थ्याने एका पुठ्ठ्यावर मुदतीची तारीख ठळक अक्षरांत लिहिली आणि तो संगणकाच्या वरच, भिंतीवर, टांगला. मंडळाच्या सभेत आता दरवर्षी तिची आठवण केली जाते.